कच्च्या मालाचा स्रोत

लकडगंजात आठला आरा सुरू होतो
आणि नऊपर्यंत माझ्या वहीच्या कडा पिवळ्या होतात.
भुसा. चहात भुसा, वेणीत भुसा,
बेरजेत हातच्याच्या जागी भुसा.
अठरा वर्षं वालजीभाईंच्या गिरणीत घनमीटर लिहिते आहे;
बाजारात दुधी घेतानाही
आधी मनात घेर मोजते.

यंदा सरकारची योजना आली.
जुना आरा काढा, नवा बसवा,
पस्तीस टक्के अनुदान, बाकीचं बँक देईल,
सात वर्षांत फेडा.
सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, खसाच्या पडद्याआड,
एका बाईंनी अर्ज दिला, चौदा पानी.
भल्या होत्या. पेनही दिला.

पान नऊ, रकाना चार:
कच्च्या मालाचा स्रोत.
जागा दोन बोटं.

'शासकीय आगार, लिलाव', एवढं लिहिलं की पुरतं.
लिहिणारच होते,
तेवढ्यात आरा मध्येच थांबला.
आरा असा थांबला की आमच्या गल्लीत माना वर होतात:
कुणाचं बोट गेलं?

बोटं शाबूत होती.
देवाजी मडावी ओंडक्यापुढे उकिडवे बसले होते,
चष्मा कपाळावर,
घणाच्या छापेशेजारचा आकडा अंगठ्यानं पुसत.
कक्ष एकशे बारा.

"माह्या बानं खोदले होते हे खड्डे," म्हणाले.
"खड्ड्यामागं चार आणे.
हातभर खोल नसन, तं दोनच."
मग सालीपासून आत आत
नखानं वर्तुळं मोजत गेले.
एका जागी रेषा इतक्या दाटल्या होत्या
की नख अडकलं.
"या सालात पाणी नव्हतं.
आमी मोहावर काढलं.
यानं कायवर काढलं असन?"

अठ्ठावन्न निघाली.
बँकेची सात वर्षं म्हणजे
नखाच्या टोकापासून नखाच्या मुळापर्यंत.

मला वाटलं, आता म्हणतील, हे नका कापू.
मी घशात काहीतरी गोळा करून
तयारही झाले होते.
ते उठले, गुडघे झटकले, पट्टा चढवला.
"कापासाठीच लावलं होतं, बाई.
तोंडाकडे काय पाह्यता? बटन दाबा."

त्या रात्री रकान्यात लिहिलं: आगार, लिलाव.
दोन बोटं संपली तेव्हा
कागद आडवा धरून समासात लिहिलं:
चैतू मडावी, खड्डे खोदणारा,
कक्ष एकशे बारा, दर चार आणे.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला.
लाल शाईत शेरा:
समासात लिहू नये.
कोरा समास पाठवला. मंजूर झाला.

नवा आरा शांत आहे. पातं पातळ.
जुनं पातं दर चिरेला पाच मिलिमीटर सागवान खायचं,
हे दोन खातं.
वालजीभाईंनी पेढे वाटले,
भुशाची पोती निम्म्यावर आली,
विटाभट्टीवाला कुरकुरतो,
आणि माझा चहा चहासारखा लागू लागला आहे,
त्याची अजून सवय व्हायची आहे.

परवा हिशेब मांडला. खोड जात नाही.
तीन मिलिमीटर, गुणिले दिवसाच्या चिरा,
गुणिले तीनशे दिवस,
भागिले एका झाडाचं लाकूड.
वर्षाला एकवीस झाडं वाचतात.
दोनदा तपासलं. एकवीसच.

वही घेऊन देवाजींकडे गेले.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
आकडा पाहिला, खालची रेघ पाहिली.
"बरं झालं," म्हणाले, आणि कानस उचलून
पात्याच्या दातांकडे वळले.
पाच-सहा दात झाल्यावर पाठमोरेच:
"पन थे एकवीस कोनते?
कक्ष सांगा ना.
जाऊन पाह्यतो एकदा."